गिरजेच्या चेहऱ्याची मालकी

मुक्काम पेण, भोगीचा दिवस.

निडीला माझ्या सासुरवाडीच्या घरी सर्वांना सखाराम केरू मरवडे याचा रामराम.

मृत्युपत्रात ख्यालीखुशाली विचारत नसतात, असं वकीलसाहेब म्हणाले. पण विचारायची ती माणसं धडधाकट असतानाच विचारलेली बरी, म्हणून विचारतो. हैबतराव, दमा कसा आहे? या थंडीत पहाटे वालाच्या शेतावर जाऊ नका, तुमचा वाल कोणी पळवत नाही. रंभावहिनी, मोतीबिंदू काढला असं कळलं. आता तांदळातले खडे दिसतात की अजून हैबतरावांच्याच दाताखाली सापडतात? जिते गावी दिलेली माझी लेक सरू, तिची कंबर धरली होती, ती सुटली का? जावईबापूंना कंपनीत रात्रीची शिफ्ट लागली होती, ती बदलून मिळाली का? आणि गिरजे, तुझे गुडघे? सरू म्हणाली, "आई आता माळ्यावर चढत नाय, खालनंच वरड मारते." शेकायचं सोडू नकोस. मी बरा आहे. चालताना दम लागतो. डाव्या हाताची दोन बोटं सकाळी वळत नाहीत, ऊन चढलं की वळतात.

आता कामाचं.

मी सखाराम केरू मरवडे, मूळ गाव खांब, तालुका रोहा, हल्ली राहणार पेण, धंदा गणपती करण्याचा, वय शहात्तर, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देण्यापूर्वी त्यांनी मला वार, तारीख आणि पंतप्रधानांचं नाव विचारलं. वार-तारीख बरोबर आली, पंतप्रधान चुकले. पण गेल्या वर्षात ते इतक्यांदा बदलले की डॉक्टरांनी ती चूक धरली नाही. हा कागद करायला मला कोणी दटावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

हा कागद पेटीत बंद करून मी गेल्यावर फोडायचा नाही. याची एक प्रत उद्या हिरामण निडीला घेऊन येईल, ती सर्वांनी आत्ताच वाचायची. कारण घर, पैसे, हत्यारं यांचं काय व्हायचं ते मी एकटा ठरवू शकतो, पण यात एक वस्तू अशी आहे की ती माझी नसताना तीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. ती म्हणजे माझी बायको सौ. गिरजाबाई हिचा चेहरा. तो मी परत करतो आहे. आणि तिच्याकडे एक मागणंही मागतो आहे, ज्याचं उत्तर मी जिवंत असतानाच मिळायला हवं.

कलम पहिले : घर. पेणचं दोन खोल्यांचं कौलारू घर, मागल्या पडवीसह, माझ्यामागे सरूचं. पण गिरजाबाईला त्यात केव्हाही येऊन राहण्याचा हक्क राहील आणि त्यासाठी तिने कोणाला विचारायचं नाही. चुलीजवळच्या फळीवर तिचा डबा होता, तिथे मी दुसरं काही ठेवलेलं नाही.

कलम दुसरे : शिल्लक. पोस्टात आणि बँकेत जे असेल ते गिरजाबाईचं. मी दर महिन्याला मनिऑर्डर करत होतो आणि ती दर महिन्याला परत येत होती. ते हे पैसे आहेत. मी मेल्यावर परत पाठवायला पत्ता राहणार नाही, तेव्हा ठेवून घे.

कलम तिसरे : खांबची जमीन. हायवेलगतचा माझ्या वाट्याचा तुकडा चुलतभावाच्या मुलांना द्यावा. त्यांच्या बापाने मला लहानपणी "चिखल्या" नाव पाडलं, कारण मी नांगरटीला जायच्या ऐवजी बांधावर बसून चिखलाचे नागोबा करत असे. चाळीस वर्षं त्या गावात मला कोणी सखाराम म्हटलं नाही. पोरांचा यात काही दोष नाही. फक्त जमिनीच्या कागदात माझं नाव पूर्ण लिहावं, एवढी अट.

कलम चौथे : कारखाना. मागचा कारखाना, शाडूचा हौद, फळ्या, पाट, रंगाचे डबे आणि सर्व हत्यारं हिरामण जगन म्हात्रे याची. खारेपाटातल्या मिठागरावरून तो विसाव्या वर्षी माझ्याकडे आला. तळपायाला मिठाच्या भेगा होत्या, पण हात असा की मातीनेच त्याला ओळखलं. आज तोच सगळं चालवतो. हिरामण, बांबूच्या तीन कोरण्या हळदीच्या फडक्यात आहेत, त्या विकत मिळणाऱ्या नाहीत. त्या कोरण्यांनी रंगाचे पोपडे काढू नकोस.

कलम पाचवे : पुस्तक. कपाटात वरच्या फळीवर फोटोंचं एक जाड पुस्तक आहे. ते दत्तात्रेय मास्तरांचं. मास्तर इथल्या शाळेत चित्रकला शिकवत आणि रविवारी माझ्या कारखान्यात येऊन बसत. मुंबईला फुटपाथवर त्यांना ते मिळालं. इंग्रजीत आहे, म्हणून ते वाचून मराठीत सांगत आणि मी माती मळत ऐकत असे. जाताना त्यांनी ते मला दिलं.

पुस्तक रोदँ नावाच्या फ्रान्सच्या मूर्तिकाराचं आहे. हा उच्चार मास्तरांनी मला आठ दिवस शिकवला; हिरामण अजून 'रोडिंग' म्हणतो. पोलिसातल्या कारकुनाचा हा मुलगा. मोठ्या कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेत तीनदा नापास. मी चौथीत एकदाच झालो, तेव्हा त्या मानाने माझं बरं गेलं. पुढे कितीतरी वर्षं तो दुसऱ्यांच्या इमारतींवर पानं-फुलं करत होता. घडवलेल्या मूर्तीतले हात, पाय, धडं तो सुटी ठेवी, खण भरभरून. आमच्यात बोटाचा टवका उडाला तरी मूर्ती भंगली म्हणतात आणि पाण्यात सोडतात. एका पानावर एक माणूस चालतो आहे. त्याला डोकं नाही, हात नाहीत, तरी तो असा चालतो की पान उलटायला भीती वाटते. गिरजेने ते चित्र मास्तरांच्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "अवो मास्तर, याचं विसर्जन ऱ्हायलंय वाटतं." मास्तर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मला मात्र त्या चालण्याने झपाटलं. सहासष्ट साली मी चालता गणपती केला. उजवा पाय पुढे, टाच उचललेली, सोंड वाऱ्याला लागलेली. असले चाळीस. पहिला परत आला तो सख्ख्या मेव्हण्याकडून. हैबतराव, आठवतं ना? डोक्यावर पाटासकट गणपती घेऊन परत आलात आणि म्हणालात, "भावोजी, बसलेला द्या. चालता देव घरात घेतला तर घरातली लक्ष्मी त्याच्या मागनं चालाया लागंल."

मी म्हटलं, "अहो, तो येतो आहे, जात नाही."

"दाराकडं तोंड हाय त्याचं. येतोय कसा?"

गणपतीचं तोंड दाराकडेच करतात, हे मी कसं विसरलो कोण जाणे. चाळीसच्या चाळीस माळ्यावर गेले. गिरजा वर बघून म्हणाली, "चला, कोन तरी आपल्याकडं ऱ्हायला आलं." तिने मला त्या वर्षी एका शब्दाने टोचलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

पुस्तक हिरामणला द्यावं. कोरड्या हातांनी उघडायचं.

कलम सहावे : साचे. हे कलम मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. यातलं काही गिरजेला माहीत आहे, काही नाही. सरूला काहीच माहीत नाही. तिला वाटतं आईबापांचं स्वयंपाकावरून फाटलं.

माळ्यावरच्या चाळीस गणपतींमुळे पुढल्या भाद्रपदात खात्रीने खपेल असं काही करायला हवं होतं. गौरीचे मुखवटे करावे असं ठरलं. पण मी करायचो ते मुखवटे भातुकलीतल्या बाहुल्यांसारखे होत. एका दुपारी गिरजा अंगणात तांदूळ पाखडत होती. कोंडा उडाला म्हणून तिने डोळे मिटले आणि मान थोडी वर केली. मला हवा होता तो चेहरा हाच.

मी म्हटलं, "गिरजे, तुझ्या तोंडाचा साचा घेऊ?"

"गो बाई, कशाला? मेल्यावर घेतात तसला?"

"शिकायला. मास्तर म्हणाले, हाड कुठे बसतं ते कळतं."

मास्तर असं काही म्हणाले नव्हते. या कागदात खोटं नको, म्हणून तेही लिहून टाकतो.

तिला पडवीत चटईवर झोपवलं. तोंडाला खोबरेल लावलं. नाकात पपईच्या देठाच्या दोन नळ्या बसवल्या. वरून पातळ प्लास्टर सोडलं. प्लास्टर धरताना गरम होतं. मी सांगून ठेवलं होतं, घाबरलीस तर माझा हात दाब. गिरजे, तू दाबला नाहीस. नुसता धरून ठेवलास. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि इतका वेळ तू माझा हात कधीच धरला नव्हतास. साचा निघाला तेव्हा तू पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "आत लय शांत हाय." मग भात लावायला गेलीस.

त्या साच्यातून मी मातीचा चेहरा काढला. तुझ्या डाव्या गालावर देवीचे सात वण आहेत. ते सगळे उठले होते. मी ते मातीने भरून काढले. मिटलेले डोळे कोरून उघडे केले. ओठाचा डावा कोपरा तू जरा दाबून धरतेस, तो सरळ केला. आणि त्यावरून धंद्याचा दुसरा साचा केला.

मुखवटे झाले की डोळ्यांची आखणी तुझ्याकडे. साऱ्या पेणमध्ये तुझ्यासारखी रेघ कोणाची नव्हती. श्रावणभर तू एकेक चेहरा मांडीवर घेऊन त्यात डोळे भरत होतीस. तो तुझाच चेहरा होता आणि तुला कळलं नाही. कळणार तरी कसं? आपल्या घरात आरसा केवढा, कुंकू लावण्यापुरता. आणि वणांशिवाय तुझा चेहरा तूही कधी पाहिला नव्हतास. मी समोर बसून चहा पीत होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर बास झालं असतं.

त्या वर्षी 'सखारामची गौर' रोह्यापासून अलिबागपर्यंत गेली. मला लोक नावाने ओळखायला लागले. तू गौरीला माहेरी गेलीस. हैबतरावांकडेही तोच मुखवटा नेला होता. हळदीकुंकवाला बायका जमल्या आणि रंभावहिनी एकदम म्हणाल्या, "गो गिरजे, ही तर तूच हायस!" बायका हसल्या. कोणीतरी तुला गौरीशेजारी बसवून पाहिलं. मग कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर तुलाही नदीवर ती गौर सोडायला जावं लागलं.

पेणला परत आलीस ती पिशवी खाली न ठेवताच बोललीस. शब्द मला पाठ आहेत. "सगळा श्रावण मी माझ्याच डोळ्यांत काळा रंग भरला आन् तुमी चा पीत बगत व्हता. बरं, चेहरा घेतला तर घेतला. वण कशाला पुसलं? वण नको व्हतं तर दुसरी बगायची व्हती."

मी साचा फोडतो असं वचन दिलं. फोडला नाही. माळ्यावर चालत्या गणपतींच्या मागे सरकवला. पुढल्या वर्षी ज्येष्ठात अलिबागहून माणूस आला, "त्याच गौरी पाहिजेत." मी शिडी लावली. तू खालून शिडी धरलीस, कारण मी गणपती काढतो आहे असं तुला वाटलं. साचा घेऊन उतरलो. तू शिडी सोडून आत गेलीस. संध्याकाळच्या एस.टी.ने सरूला घेऊन निडीला गेलीस. ते साल अडुसष्ट.

त्यानंतरचा एक रविवार लिहितो. मास्तर पुस्तक घेऊन बसले होते. रोदँने तरुणपणी एका शिपायाला समोर उभं करून पुरुषभर उंचीची मूर्ती केली. ती इतकी जिवंत झाली की लोक म्हणाले, हा लबाड आहे, याने माणसाच्या अंगावरून साचा घेतलाय, हाताने कोणी असं करूच शकत नाही. मूर्तिकाराला याहून मोठी शिवी नाही. बिचाऱ्याने त्या शिपायाच्या अंगाचे खरोखरचे साचे आणि फोटो नेऊन दाखवले, की बघा, साचा असा मेलेला दिसतो आणि माझी मूर्ती अशी. तरी डाग पुसायला त्याची तीन वर्षं गेली.

मास्तर म्हणाले, "सखाराम, बघ, केवढा खोटा आळ!"

माझे हात मातीत होते. ते वर येईनात. त्याने न करता शिवी खाल्ली आणि मी करून शाबासकी. मास्तर पुढे दुसरं पान वाचत होते. नाक मोडलेल्या एका म्हाताऱ्याचा मुखवटा होता. प्रदर्शनवाल्यांनी तो नाकारला, पण रोदँने नाक सरळ केलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, आज पुरे." त्यांनी पुस्तक मिटलं. मी का पुरे म्हटलं, ते त्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी साचा वापरला नाही. पण पंच्याऐंशी साली माझे हात थकले, कारखाना हिरामणने घेतला आणि त्याला माळ्यावर तो साचा मिळाला. "काका, असला साचा असून वर कशाला ठेवलाय?" मी त्यालाही सांगितलं नाही. पुन्हा चहा पीत बसलो. गेली बारा वर्षं तुझा चेहरा पुन्हा बाजारात आहे, गिरजे, आणि त्याला हिरामण जबाबदार नाही, मी आहे.

गेल्या आठवड्यात त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदा चिडला.

"काका, आता सांगताय व्हय? निम्मा धंदा गौरीवर हाय माझा."

"हाताने कर एक."

"तशी व्हनार नाय."

"तशी नकोच होऊ दे."

विडी पेटवली. मग म्हणाला, "काकींना मी दोनदा भेटलोय, सरूताईच्या लग्नात आन् तिच्या पोराच्या बारशाला. पाया पडलो. वण बघितलं, तरी मला कळलं नाय. मी कसला कारागीर?" आणि उठून स्वतः साचा पोत्यात बांधला.

तेव्हा असं ठरवून लिहितो की धंद्याचा साचा आणि तुझ्या तोंडावरचा पहिला साचा, दोन्ही तुझे. मी मेल्यावर नाही, उद्याच. पहिला साचा मी तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता, कोणाला दाखवला नाही. त्यात वण आहेत. पापण्यांच्या जागी तुझे चार-पाच केस प्लास्टरला चिकटून आले होते, ते अजून तिथे आहेत, काळेच्या काळे. फोड, पुरून टाक, चुलीमागे ठेव. त्या साच्यावर माझा, हिरामणचा किंवा कोणाही वारसाचा हक्क राहणार नाही.

कलम सातवे. मी गेल्यावर माझा फोटो हार घालून भिंतीवर लावू नये. वकिलांनी विचारलं, का? लावू नये, एवढंच.

कलम आठवे : मागणं. रोदँची एक बाईमाणूस होती, रोझ नावाची. शिवणकाम करायची. तो परगावी गेला की त्याच्या ओल्या मूर्तींवरची फडकी ती भिजवून ठेवायची, माती तडकू नये म्हणून. तूही गोणपाटं भिजवायचीस, रात्री उठून सुद्धा. पुढे तो खूप मोठा झाला. दुसऱ्या बायकांच्या मागे गेला, त्यात एक फार गुणी मूर्तिकार मुलगी होती, तिचे फार हाल झाले. रोझ मात्र घरी फडकी भिजवत राहिली. तिच्याशी त्याने लग्न केलं तेव्हा त्यांच्या ओळखीला त्रेपन्न वर्षं झाली होती. जानेवारी महिना होता, आजपासून बरोबर ऐंशी वर्षांमागचा. तो शहात्तर वर्षांचा. दोन-अडीच आठवड्यांत ती गेली. नोव्हेंबरात तो गेला. मास्तरांनी हे वाचलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता मी शहात्तर वर्षांचा आहे आणि मला राग करायला तोंड नाही.

हे मी गोविंदाला वाचून दाखवलं. गोविंदा म्हणजे शेजारचा टेलर, माझा पहिला साक्षीदार. तो म्हणाला, "सखाभाऊ, हे मृत्युपत्र हाय का लग्नपत्रिका?"

मी म्हटलं, "तू सही कर."

"करतो. पन ती नाय म्हनली तर?"

"तर तेही लिहून येऊ दे."

त्याच पुस्तकात दोन हातांची एक मूर्ती आहे. दोन हात वर गेले आहेत, बोटं जेमतेम एकमेकांशी आलेली, मध्ये रिकामी जागा. पुष्कळ दिवस मला वाटायचं एकाच माणसाचे दोन हात आहेत. नीट पाहिलं तर दोन्ही उजवे. म्हणजे दोन माणसं. सरूच्या लग्नात कन्यादानाला आपण शेजारी बसलो होतो. भटजी सांगत होते तसं तू झारीने माझ्या हातांवर पाणी सोडत होतीस. आपण एकमेकांकडे पाहिलं नाही. पाणी थांबलं तरी मी ओंजळ तशीच धरून होतो आणि भटजींना म्हणावं लागलं, "यजमान, झालं." अठरा वर्षं झाली त्याला.

तू गेल्यानंतर दर वर्षी, गणपतींची गडबड ओसरली की, मी हाताने तुझा चेहरा करायला बसतो. साच्याशिवाय, आठवणीवरून. सात वण कुठे कुठे आहेत ते मला माहीत आहे, ते बसतात. ओठाचा डावा कोपराही बसतो. पण ती तू होत नाहीस. मी ती मोडतो आणि माती हौदात टाकतो. पुन्हा तीच माती. पहिली काही वर्षं मला वाटायचं, हात कमी पडतो. आता कळतं की मी चाळिशीतली गिरजा करतो आहे, आणि ती आता कुठेच नाही.

म्हणून मागणं असं. मला एकदा तुझ्यासमोर बसू दे. निडीच्या ओटीवर, दिवसाउजेडी, हैबतराव खोकत शेजारी बसले तरी चालेल. मी माती घेऊन येईन. तेल नाही, प्लास्टर नाही, तुझ्या चेहऱ्याला हात लावणार नाही. तू वाल सोलत बस, माझ्याकडे बघायचीही गरज नाही. जसा आहे तसा, आजचा चेहरा मी हाताने करीन. जमला तर तो तुझा. न जमला तरी तुझा, मोडायला. त्याचा साचा निघणार नाही, असं मी या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहून देतो. मागच्या वचनाला साक्षीदार नव्हते.

हे मागणं आणि साचे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाही म्हणालीस तरी साचे तुझेच. घर, पोस्ट, सगळं तसंच. तुझा नकार या मृत्युपत्राला जोडला जाईल आणि तो मला बांधील राहील, मी पुन्हा विचारणार नाही. फक्त गप्प राहू नकोस. आपल्या घरात गप्प राहून जे व्हायचं ते झालं आहे.

वर लिहिलेलं मला वाचून दाखवण्यात आलं, ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही माझ्या हाताची आहे. डाव्या हाताची बोटं वळत नाहीत, पण सही उजव्याने केली आहे, तेव्हा कोणी शंका घेऊ नये.

सखाराम केरू मरवडे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं आणि ज्यांना मी सही करताना पाहिलं :

१. गोविंदा, धंदा शिवणकाम, शेजारी.
२. कमळाकर, निवृत्त पोस्टमन. (परत आलेल्या मनिऑर्डरी यानेच आणून दिल्या. दर वेळी मान खाली घालून.)

ठिकाण पेण, जिल्हा रायगड. सोमवार, १३ जानेवारी १९९७.

ता. क. गिरजे, हे वकिलांच्या प्रतीत नाही, फक्त तुझ्या प्रतीत आहे. सरू सांगत होती, निडीला बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला आणि त्यात तू गेलीस. पहिल्यांदा म्हणे पाटीवर नाव काढलंस तेव्हा बाईंनी ते सगळ्यांना दाखवलं, रेघ इतकी सुरेख. आता तू पोथीही वाचतेस म्हणे. मग हा कागद कोणाकडून वाचून घेऊ नकोस, तुझी तू वाच, सावकाश. हिरामणजवळ एक कोरं कार्ड दिलं आहे, त्यावर माझा पत्ता मी आधीच घातला आहे. मागची सगळी जागा तुझी. हो लिहायला एक अक्षर लागतं, नाही लिहायला दोन. तुझं अक्षर मी अजून पाहिलेलं नाही. उत्तर लवकर धाड.